तिसरा फर्मा

तिसऱ्या फर्म्यात सुई घातली आणि माईचा हात थांबला.

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून केलेली सोळा पानं. असे सहा फर्मे एकावर एक शिवले, कण्याला खळ लावली, वर पुठ्ठा चढवला की गोष्टींचं पुस्तक तयार. चव्वेचाळीस वर्षं माई या घरात शिवण्याचंच काम करत आली होती. डोळे आता कुरकुर करायचे, पण बोटं शहाणी होती. पहिले दोन फर्मे पोरांनी हाताळून हाताळून पार मऊ करून टाकलेले. कुठे राजाला पेन्सिलीने मिशा, कुठे कोपरा चावलेला. तिसरा मात्र कोरा करकरीत. कालपरवाच छापखान्यातून आला असावा असा.

तिने आधी शिवलेलं एक पुस्तक उचलून पाहिलं. तिथेही तेच. मग दुसरं, तिसरं, चौथं. शेवटी तिने एक फर्मा उघडून नाकाशी धरला. शाईचा वास ताजा होता. आणि पानाच्या मध्यावर, लाकूडतोड्या बापाच्या चित्राखाली, तिला तो शब्द दिसला: शेजारीण. शाळेच्या पुस्तकात हा शब्द नव्हता.

रविवारची दुपार होती. एरवी रविवारी खालचा बाइंडिंगखाना बंद असे, पण उद्या सकाळी शाळेला बत्तीस पुस्तकं पोचवायची होती. पहिलीच्या वर्गाची ही जुन्या परीकथांची पुस्तकं दरवर्षी उसवून इथेच यायची. उद्या वर्गात आईबापांना बोलावलं होतं. प्रत्येक पोराने त्यातलं एक पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, असा वर्गाच्या बाईंचा बेत. म्हणून आज घरातलं प्रत्येक माणूस कामाला जुंपलं होतं. थोरला मुलगा, जो हे सगळं चालवायचा, तो कटिंग मशीनपाशी. त्याची बायको, म्हणजे घरातली वहिनी, पुठ्ठ्यांवर कापड चढवत होती. धाकटा एरवी घरोघर पाण्याचे मीटर तपासत फिरायचा, आज तो दाबयंत्राचं चाक फिरवायला आला होता. आणि धाकट्याची बायको खळ ढवळत होती. तिला या घरात येऊन चार महिने झाले होते आणि अजून सगळे तिला नवीच म्हणत. धाकट्याची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी आजाराने गेली होती, मागे एक मुलगी ठेवून. ती मुलगी, ठिपकी, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून घरातली जुनी प्रत वाचत होती. अक्षराला अक्षर लावत, बोट सरकवत, मध्येच दमून नुसतीच चित्रं बघत.

"हे कुणी छापलं?" माईने विचारलं.

थोरल्याने मशीनचा दांडा खाली ओढला. "काय?"

"माझे डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. हा तिसरा फर्मा."

थोरल्याने हात पुसले. पन्नाशीचा माणूस, पण माईने चोरी पकडली की त्याचे कान अजून लाल व्हायचे. "मी छापून घेतला," तो म्हणाला. "चौकातल्या छापखान्यातून. बत्तीस प्रती. त्या एका गोष्टीचा फर्मा तेवढा बदललाय, बाकी पुस्तक जसंच्या तसं."

"मला म्हणालात वह्यांचे कागद आणायला चाललोय," वहिनी म्हणाली.

"तेही आणले."

धाकट्याने चाक सोडलं आणि एक पुस्तक उघडून उभ्याउभ्या दोन पानं वाचली. मग भावाकडे पाहिलं. "दादा, हे काय आहे?"

थोरल्याने जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "उद्या तुझी पोर हे वाचणार. सावत्र आई म्हणते, पोरांना जंगलात सोडून या. सगळ्या वर्गासमोर. आणि समोरच्या बाकावर ही बसणार." त्याने हनुवटीने नवीकडे दाखवलं. "चार महिने झाले, पोर अजून हिला हाक मारत नाही. ए नाही, ओ नाही. संध्याकाळी तेवढी वाचायला हिच्याजवळ बसते. तेही बंद पाडायचंय का?"

"म्हणून शाळेचं पुस्तक बदलायचं? लोकांनी आपल्याकडे दुरुस्तीला दिलंय, सुधारायला नाही दिलेलं."

"एक शब्द बदललाय रे."

"एकतीस पोरं आणखी आहेत त्या वर्गात. त्यांचा काय संबंध?"

"त्यांना काय फरक पडतो, कुणी का सोडेना जंगलात!"

आता नवीने बोलावं असं सगळ्यांना वाटलं. ती काय म्हणणार तेही धाकट्याला ठाऊक होतं. बायको आपल्याच बाजूची, अशी त्याची समजूत होती. नवीने खळीतली काडी बाजूला ठेवली. "राहू दे ना," ती म्हणाली. "भाऊजींनी माझ्यासाठीच केलंय."

"तू पण?"

"तुझं काय जातंय? जंगलात सोडणारी मी आहे, तू नाहीस. त्या गोष्टीतल्या बापाला कुणी कधी नावं ठेवलीत? पोरांचा हात धरून तोच तर घेऊन जातो."

 धाकटा पुन्हा चाकाकडे वळला. वहिनीने मात्र हातातलं कापड खाली ठेवलं. ती मघापासून नवऱ्याच्या बाजूने मान हलवत होती, पण वह्यांचे कागद तिच्या मनात रुतले होते. "बाईंनी उघडून पाहिलं म्हणजे?" ती म्हणाली. "त्यांना तोंडपाठ असेल ती गोष्ट. उद्या विचारतील, ही शेजारीण कुठून उगवली? आहे उत्तर?"

"बाबांनी बदललं तेव्हा कुणी विचारलं?" थोरला म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. दाबयंत्राचं चाक थांबलं. वहिनीने माईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. खोलीत हे ठाऊक नसलेलं एकच मोठं माणूस होतं.

"बाबांनी बदललं?" नवीने विचारलं. "कुणासाठी?"

"जुनी गोष्ट आहे," थोरला म्हणाला.

पण नवी काही मठ्ठ नव्हती. थोरला 'माई' म्हणतो आणि धाकटा 'आई' म्हणतो, हे तिने आल्या दिवसापासून ऐकलं होतं आणि या घराची पद्धत असेल म्हणून सोडून दिलं होतं. तिने थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग माईकडे. "म्हणजे माई, तुम्ही..."

माईने मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चव्वेचाळीस वर्षं झाकलेली मूठ अशी रविवारी दुपारी, खळीच्या वासात उघडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"चार महिने," नवी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "चार महिने मी रोज तुमच्याकडे बघते. भाऊजी कसे तुमचं ऐकतात, तुम्ही कशा त्यांच्यावर रागावता. मनात म्हणते, सख्खी आई म्हणजे ही अशी, आपल्याला जन्मात जमायचं नाही. आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"नाही बोलले," माई म्हणाली.

"का पण?"

माई हातातला फर्मा चाळत राहिली. थोरल्याला ते सोसवेना. "हे बघ माई," तो म्हणाला, "शिवणार तू आहेस. तू म्हणशील तसं. नवे म्हणालीस तर नवे, जुने म्हणालीस तर जुने. जुने फर्मे अजून रद्दीच्या टोपलीत आहेत. पण लवकर सांग, खळ सुकते."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. माईने फर्मा मांडीवर ठेवला. त्यांना वाटलं, म्हातारी विचार करते आहे. ती विचार करत नव्हती. तिला ती बाई आठवत होती.

थोरला तेव्हा सहा वर्षांचा होता आणि माई तेवीस. पोराला अक्षरं लागू लागली आहेत असं बघून त्याच्या बापाने घरातलं परीकथांचं पुस्तक उसवलं आणि त्यातला तो फर्मा नव्याने छापायला घेतला. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापायचे दिवस होते ते. एखादा शब्द बदलायचा तर नवा शब्द जुन्याच्या जागेत बसला पाहिजे, नाहीतर ओळ सरकते आणि ओळीमागे पान सरकतं. 'चेटकीण' मापात बसत होती, पण चेटकीण गोष्टीत आधीच होती, पुढे जंगलातल्या झोपडीत. 'मावशी' घातली असती तर पोराची खरी मावशी रुसली असती. म्हणून त्याने 'शेजारीण' घातली. वड्याचं तेल वांग्यावर. चित्रं मात्र तशीच राहिली, कारण चित्राचे ठसे बदलणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे घरातल्या त्या प्रतीत आजही शेजारीण बापाच्या बाजूला जेवायला बसते, घराच्या किल्ल्या कमरेला लावते आणि रात्री मेणबत्ती घेऊन त्याच्याच खोलीत शिरते. या घरात वाचायला शिकलेल्या कुणालाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. माईला त्याने विचारलं नाही, सांगितलंही नाही. तिने शिवताना वाचलं. आपल्यासाठी एवढं केलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि याला हे करावंसं वाटलं म्हणजे आपल्याबद्दल याच्या मनात काय आहे, असंही वाटलं.

इतकी खबरदारी घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट मात्र दिसली नाही. त्यांना खरोखरच एक शेजारीण होती.

समोरच्याच दारात राहायची. इस्पितळात नर्स होती, सगळे तिला नर्सबाई म्हणत. थोरल्याची आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती तेव्हा, आणि ती गेल्यावर पुढचे आठ महिने, पोराला भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं सगळं तिनेच केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभारही मानले नव्हते. माई लग्न करून आली तरी पोरगा सकाळी उठला की समोरचंच दार वाजवायचा. माईने वाढलेलं ताट तसंच राहायचं. माईला त्या बाईचा राग यायचा, आणि राग यावा असं तिने काहीच केलेलं नाही म्हणून जास्तच राग यायचा.

मग पोरगा ते पुस्तक वाचायला शिकला. आठवड्याभराने नर्सबाईने जिन्यात त्याला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तो किंचाळला, "ही मला जंगलात सोडेल!" आणि तिच्या हाताला कडकडून चावला. वरखालची माणसं दारात आली, हसली. माईही दारातच उभी होती. एक वाक्य पुरे होतं: अरे वेड्या, ती गोष्टीतली, ही आपली नर्सबाई. माई तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली. पोरगा धावत आला आणि पहिल्यांदाच तिच्या पायांना बिलगला. त्या वेळी तिला जो आनंद झाला, तसा पुढे धाकटा जन्मला तेव्हाही झाला नाही. दोन महिन्यांत नर्सबाई बदली मागून दुसऱ्या गावी गेली. जाताना निरोप घ्यायला आली, तेव्हा पोरगा झोपलाय असं माईने सांगितलं. तो मागच्या खोलीत जागाच होता.

"आजी, या पानात वेगळंच लिहिलंय."

ठिपकी कधी खाली उतरली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका हातात घरातली प्रत होती, दुसऱ्या हातात रद्दीच्या टोपलीतून काढलेला एक जुना फर्मा. तिने दोन्ही माईच्या पुढ्यात टेबलावर मांडले, अगदी कडेला कड लावून. बाइंडरचीच नात ती.

"चित्र तेच आहे," ठिपकी म्हणाली. "बघ, तोच दिवा, तेच मांजर. इथे शेजारीण आहे. आणि इथे..." तिने बोट ठेवलं. "सा. व. त्र. सावत्र. आई." मग मान वर केली. "सावत्र म्हणजे काय?"

धाकट्याने भावाकडे पाहिलं: घे आता. थोरला खाकरला. "सावत्र म्हणजे... शेजारीणच. जुन्या भाषेत."

ठिपकीने हे नीट ऐकून घेतलं. "म्हणजे समोरचे टायरवाले आजोबा माझे सावत्र आजोबा?"

"नाही, नाही."

"समोरच तर राहतात."

"पुरुषांना नसतं ते."

"मग त्यांच्या आजी?"

"हात दाखवून अवलक्षण," वहिनी पुटपुटली. धाकट्याला अशा वेळीही हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यावर नेलं. नवी मात्र हसली नाही. ती माईकडे बघत होती, सरळ, आणि त्या बघण्यात काय आहे ते माईला कळत होतं. आता मीच सांगू, की तुम्ही सांगताय?

"ठिपके, इकडे ये," माई म्हणाली. "बस इथे. काका चुकीचं सांगतोय. एखाद्या मुलाची आई जाते, कळलं? मग त्याचे बाबा दुसरं लग्न करतात. मग घरात जी येते, ती त्या मुलाची सावत्र आई. शेजारीण वेगळी."

"तू पाहिलीस कुणी?"

"मीच आहे. मी तुझ्या काकाची सावत्र आई."

ठिपकीने काकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खरंच?"

"खरंच," थोरला म्हणाला. तो कटिंग मशीनच्या कडेवर टेकला होता.

"आणि बाबांची?"

"बाबाची सख्खी. त्याला मी जन्म दिला."

 ठिपकीचा हिशेब मनातल्या मनात चालू होता, ओठ नुसते हलत होते. मग ती नवीकडे वळली. "म्हणजे तू माझी सावत्र आई."

"हो," नवी म्हणाली.

"मला जंगलात सोडणार?"

"मला इथलं जंगल कुठे आहे तेच माहीत नाही. शाळेचा बसस्टॉपसुद्धा चुकतो माझा."

हे खरं होतं. तो बसस्टॉप ठिपकीनेच तिला दोनदा दाखवला होता. तिचं समाधान झालेलं दिसलं. ती पुन्हा माईकडे वळली. "मग तू काय केलंस?"

"कशाचं काय केलं?"

"गोष्टीतली सावत्र आई काहीतरी वाईट करते. सगळ्या गोष्टीत. तू काकाला काय केलंस?"

"ठिपके!" वहिनी ओरडली. "असं बोलतात का आजीशी?"

"आजीने कुणाला काही केलेलं नाही," धाकटा म्हणाला. "आजी तसली नाहीये. चल, वर जा तू."

"थांबा रे," माई म्हणाली. "बरोबर विचारतेय ती."

आणि तिने सांगितलं. पोरीला कळेल अशा शब्दांत, पण काही गाळलं नाही. समोर एक नर्सबाई राहायची. तिने काकाला आईसारखं सांभाळलं. मग पुस्तकात शेजारीण आली, काका घाबरला आणि तिला चावला. ती वाईट नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मी काकाला ते सांगितलं नाही. कारण काकाने तिच्याकडे न जाता माझ्याकडे यावं असं मला वाटत होतं. मग ती निघून गेली. जाताना तिला काकाला भेटायचं होतं. मी भेटू दिलं नाही.

सांगून झाल्यावर माईच्या लक्षात आलं, की ती पोरीशी बोलत असली तरी बघत थोरल्याकडे होती.

 थोरल्याने हातातला नव्या फर्म्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "चावल्याचं आठवतं मला," तो म्हणाला. "बाई नाही आठवत. चावल्याचं आठवतं आणि मग कुणीतरी सामान घेऊन जिना उतरतंय ते. मला वाटायचं, माझ्यामुळे गेलं कुणीतरी. कोण ते विचारायची भीती वाटायची."

"तू सहा वर्षांचा होतास. मी तेवीस वर्षांची होते."

"मग तिला परत बोलावलंस?" ठिपकीने विचारलं.

"नाही."

"का?"

"आधी लाज वाटली. मग बरीच वर्षं गेली. मग पत्ता कुठला राहायला!"

ठिपकीने विचार केला. "जंगलात सोडण्याएवढं वाईट नाही," तिने निकाल दिला. "पण आहे वाईट."

"आहे," माई म्हणाली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. 

पहिली हलली ती नवी. तिने रद्दीची टोपली ओढत आणली, खाली बसली आणि जुने फर्मे काढून मांडीवर सारखे करायला लागली. थोरला म्हणाला, "अगं, पण उद्या..." तिने वर न बघता उत्तर दिलं, "उद्या वाचू दे तिला. मी असेन बाकावर. शब्द आला की सगळे माझ्याकडे बघतील, मग मीही त्यांच्याकडे बघेन." तिने दहा-बारा फर्मे सारखे केले आणि माईपुढे ठेवले. "तुमच्यावर मी अजून रागावलेय," तिने सांगून टाकलं.

"राग काढ. पण खळ बघ, घट्ट झाली."

मग काम पुन्हा सुरू झालं. शिवून झालेली चार पुस्तकं वहिनीने स्वतः उसवली. नवरा मध्ये बोलायला गेला तर त्याला म्हणाली, "तुम्ही तेवढे वह्यांचे कागद कापा," आणि थोरल्याने ती शेजारीण गठ्ठ्यासकट मशीनखाली घातली आणि तिची चिटोरी करून टाकली. धाकटा चाक फिरवत होता. दोनदा तो आईजवळ आला, काही बोलेल असं वाटलं, आणि दोन्ही वेळा बोलायचं टाळून पुस्तकं उचलून गेला. इतकी वर्षं तो या घरातला लाडका होता, आणि आज पहिल्यांदाच आईचं जे काही होतं ते दादाशी होतं. त्याला ते कळत होतं आणि जरा टोचतही होतं.

जिन्यावर नवी आणि ठिपकी एकाच पायरीवर बसल्या. उद्याच्या पानाची तयारी. ठिपकी बोट ठेवून वाचत होती, नवी पुढच्या शब्दाशी थांबायची, सांगायची नाही. "सावत्र आईने" या शब्दाशी ठिपकी दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा सरळ पुढे गेली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बावीस पुस्तकं झाली होती. कटिंगचं काम संपवून थोरला स्टूल ओढून माईजवळ बसला. फर्मे क्रमाने लावून तो एकेक पुस्तक तिच्या हाती देत होता, ती शिवत होती. लहानपणी तो असाच बसायचा. दोन पुस्तकं झाली, तीन झाली.

"गंमत आहे बघ," तो हळूच म्हणाला. "दीड-पावणेदोन वर्षं त्या बाईने सांभाळलं म्हणतेस, आणि मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. त्या वेळचं एकच आठवतं आणि ते आईचं."

"काय आठवतं?"

"मी तिच्या कुशीत झोपायचो. छातीवर डोकं ठेवलं की आत टिकटिक, टिकटिक ऐकू यायचं. स्पष्ट. मी मोजायचो. शंभरापर्यंतचे आकडे मी तसाच शिकलो." तो जरासा हसला. "काळीज वाजायचं तिचं. कुणाला सांगितलं नाही कधी. एवढं एकच आहे माझ्याजवळ आईचं, म्हणून."

माईची सुई अर्ध्यातच राहिली. थोरल्याच्या आईला फुप्फुसाचा आजार होता. पोराला लागेल म्हणून ते शेवटचं वर्षभर त्याला तिच्या खोलीत पाऊल टाकू देत नव्हते. नवऱ्यानेच माईला सांगितलं होतं. आणि नर्सबाई मनगटाला घड्याळ बांधत नसे, हात सारखे धुवावे लागत म्हणून. तिचं घड्याळ तिच्या छातीवर पिनेने अडकवलेलं असायचं, डाव्या बाजूला.

"ऐकू येतं ना गं तसं?" थोरल्याने विचारलं. "लहान मुलाला?"

माईने त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, केसांत कागदाचा भुसा, दोन्ही हातांत उघडं पुस्तक.

"येतं," ती म्हणाली. "आईचं काळीज असंच वाजतं."

थोरल्याने मान हलवली आणि पुढचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.